चौथं इंजिन सुरू केलं की

जळगाव, १० जानेवारी २०२५

चि. स्नेहल हिस,
अ. आ. व सप्रेम जयभीम.

धुळ्याच्या आयटीआयत वीजतंत्री शिकवणाऱ्या पुतणीला काकाने विजेवर पत्र लिहायचं म्हणजे परीक्षाच. माझ्या टेबलावरच्या रेल्वेत पाच इंजिनं आहेत. डिजिटल कंट्रोलर, रूळ तेच पण प्रत्येकाला वेगळा हुकूम. तीन छान धावतात. चौथं सुरू केलं की सगळ्याच गाड्या जागच्या जागी थांबतात. २६ तारखेला झेंडावंदन झालं की शाळेची मुलं बघायला यायची आहेत. इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्या सुपडूने जादा वीज पुरवणारा बूस्टर घरीच बनवलाय, चांगला वीस अँपिअरचा. लावू का? तुझी काकू म्हणते, खऱ्या गाडीने कधी एवढं छळलं नव्हतं.

माया आहेच, उत्तरही लवकर असावं.
तुझा काका, धम्मपाल

धुळे, १४ जानेवारी २०२५

ती. काकांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तीस वर्षं भुसावळहून मालगाड्या ओढलेल्या माणसाने वजनाचा हिशेब विसरावा? तुमचा कंट्रोलर तीन अँपिअरचा. एक इंजिन पाऊण अँपिअर खातं, आणि डब्याडब्यात हौसेने लावलेले दिवे वेगळेच. चौथ्याला उरतं काय? कंट्रोलर कामचुकार नाही, तो स्वतःला वाचवतोय.

सुपडूभाऊंचा बूस्टर मात्र लावू नका. गाडी घसरून शॉर्ट झाला तर वीसच्या वीस अँपिअर चाकांतून जातील, काहीतरी वितळेपर्यंत. त्यापेक्षा रुळांचे दोन भाग करू, दुसऱ्या भागाला वेगळा छोटा बूस्टर देऊ. टेबलाखाली जाड तार हवी. तुम्ही लावलीय ती दारावरच्या घंटीची.

मोठ्यांचं ऐकावं म्हणतात, एकदा लहानांचं ऐकून बघा. लोभ तीन अँपिअरपेक्षा जास्त असू द्यावा.
आपली स्नेहल

जळगाव, १९ जानेवारी २०२५

चि. स्नेहलला मंदाकाकूचे आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र यांनी दोनदा वाचलं, हसले, पोरगी पुस्तकातलं सांगते म्हणाले आणि सुपडूचाच बूस्टर लावला. सांध्यावर निळं इंजिन घसरलं. धूर निघाला, चाकं प्लॅस्टिकात रुतून बसली. यांनी नोकरीत शेवटी चालवलेल्या इंजिनाच्या रंगाचं होतं ते. आठवडाभर खपून रंगवलेलं.

आता टेबलावर चादर टाकलीय. शाळेला येऊ नका म्हणून कळवतो म्हणतात. डोळ्यांच्या तपासणीत नापास करून गाडीवरून उतरवलं होतं, तेव्हाही हे आठ महिने भिंतीकडे बघत बसले होते. मला त्याचीच भीती वाटते. तू ये. मी लिहिलं हे सांगू नकोस. आणि चिडवायला विसरू नकोस, नुसतं गोड बोललीस तर यांना लगेच कळेल.

वाट पाहते.
काकू

जळगाव, २८ जानेवारी २०२५

चि. स्नेहल हिस,
अ. आ. व जयभीम.

तू सहज आलीस म्हणालीस. पिशवीत बूस्टर आणि दहा मीटर जाड तार घेऊन इतकं सहज कुणी येत नाही. काकूला मी काही बोललो नाही.

टेबलाखाली लाल तार कोणती, काळी कोणती, मला दिसेना आणि मी ते बोलेना. तू काही न विचारता काळीला गाठी मारून दिल्यास. बोटांनी चाचपून बठ्ठं, अगदी शेवटच्या तारेपर्यंत, मीच जोडलं, हे आयटीआयत सांग.

२६ तारखेला चारही गाड्या दोन तास धावल्या, दिव्यांसकट. शेडमध्ये उभं निळं इंजिन का चालत नाही, असं एका मुलीने विचारलं. जुनं झालंय म्हणून सांगणार होतो, पण तुझी काकू शेजारीच उभी. मग खरं सांगितलं, की त्याच्या ड्रायव्हरला इशारा मिळाला होता, त्याने पाळला नाही. ती म्हणाली, मग ड्रायव्हरला काढून टाकलं का?

मी म्हणालो, नाही. पुतणीने ठेवून घेतलं.

माया अशीच राहू दे, चिडवणं थोडं कमी कर. नको, तेही राहू दे तेवढंच.
तुझा काका, धम्मपाल