दोरा न जुळलेला चाप

माय, आज मला तुझी भीती वाटतीय. दुसरी बी एक भीती हाय, पण आधी तुझी सांगतो, कारण आज खंडेनवमी हाय आणि मी पूजेतल्या रायफलीसमोर पेचकस घेऊन बसलोय.

तू गेल्यापासून मी एका जागी टिकलो न्हाई. ढाब्यावर राहिलो, ट्रकवर क्लीनर म्हणून फिरलो, मधे मेंढ्यांमागं बी गेलतो, ते जाऊ दे. आता गेवराईत हायवेच्या कडेला एअर रायफलचा क्लास हाय, तिथं हाय. टार्गेटचे कागद लावतो, रायफली पुसतो, बिघडली तर उघडतो. क्लासच्या मालकाला सगळे सर म्हणतात. त्यांनी पहिल्या दिवशी इचारलं, "आधी कधी बंदूक धरलीस का?" मी म्हणलो, आमच्या मायचा जत्रंत फुगे फोडायचा स्टॉल व्हता. लई हसले, पण ठेवून घेतलं.

तलवाड्याची जत्रा आठवती का तुला? स्टॉलच्या पडद्यामागं तू पोत्यावर बसलीस, स्टोवर चहा उकळतोय, पुढ्यात बंदूक उघडी. तिला भंगारातून आणलेला दुसरा चाप बसवायचाय. मी म्हणतो, "बसला की माय. पिन बी गेली." तू म्हणतेस, "हातोडीनं गेली. बोटानं जाती का बघ." "अगं, एकाच कंपनीचा हाय." "असू दे. तुझ्या बापाच्या दोन्ही चपला एकाच दुकानातल्या, तरी एक चावायचीच." मग तू बंदूक ताणलीस, नळी मातीच्या ढिगाकडं केलीस आणि मागचा लाकडी दस्ता पोत्यावर हळूच आपटलास. टक्. चापाला कुणी बोट लावलं नव्हतं, तरी छर्रा मातीत गेलता. तू वरडली न्हाईस. चहा उतू गेला तरी तिकडं बघितलं न्हाईस. त्या दिवसापासून प्रत्येक बंदुकीच्या बॉडीला आणि तिच्या चापाला एकाच रंगाचा दोरा बांधायचीस. लालचं लालला, हिरव्याचं हिरव्याला. दोरा जुळला न्हाई तर स्टॉलवर ती बंदूक उभीच करायची न्हाईस.

सरांनी कुरिअरनं हलका ट्रिगर मागवला. उमापूरहून एक पोरगी येती, बारीक अंगाची, नेम लई चांगला. तिच्या रायफलीला तो बसवायचा व्हता. डब्यावर नाव त्याच रायफलीचं हाय, पण आपली बॉडी जुन्या घडणीची. आतली खाच उथळ हाय, ट्रिगरचा दात तिच्यात पुरता बसत न्हाई, नुसता टेकतो. सर म्हणले बसव, म्हणून बसवला. काल वाळूच्या पोत्याकडं नळी करून दस्ता आपटून बघितला. कधी सुटतो, कधी न्हाई. दर वेळी सुटला असता तर कुणी बी मानलं असतं. मी सरांना सांगितलं. ते म्हणले, "पिन बसली ना? मंग कावून किरकिर करतो बे? ही काय फुगे फोडायची बंदूक न्हाई."

म्हणून मी आज सकाळी सगळ्यांच्या आधी आलो आणि त्या रायफलीला हळदकुंकू लावून झेंडूचा हार घातला. पूजेतल्या हत्याराला आज कुणी हात लावत न्हाई, एक दिवस मिळंल, तोवर बोलायला धीर येईल, असं वाटलं. सर आले, पाया पडले आणि म्हणले, "झकास. आज राहू दे मंग. उद्या दसऱ्याला डायरेक्ट पाहुण्यांसमोरच पहिला छर्रा उडवू." आज दुपारी सराव व्हता, माय. सरावात नळी भिंतीकडं असती, कुणाला न लागता कळलं तरी असतं. उद्या लोकं दोन्ही बाजूंनी खेटून उभे राहणार, मधे ती पोरगी भरलेली रायफल घेऊन. आणि मीच रायफलीला कुंकू लावून माझा बी हात बांधून घेतला. ती पोरगी मघाशी येऊन इचारून गेली, "दादा, माझी झाली का?" मी मान डोलावली. तिनं रायफलीला नमस्कार केला, चप्पल काढून.

आता सगळे जेवायला बसलेत. तू म्हणायचीस नवमीला सुई बी उचलायची न्हाई. मी हार बाजूला ठेवला आणि बॉडी उघडली. तिचाच जुना चाप घातला. पिन बोटानं गेली. दस्ता आपटला, पुन्हा आपटला, जरा जोरात बी आपटला. न्हाई सुटला. दोरा नव्हता, म्हणून हाराचाच धागा तोडून दोन्हीला बांधला. हळद माझ्या बोटांची बी लागली रायफलीला.

नवा ट्रिगर माझ्या खिशात हाय. सरांना अजून सांगितलं न्हाई. उद्या चाप जड लागला की त्या पोरीला लगेच कळणार, आणि सगळ्यांसमोर सर माझ्याकडं बघणार. तोवर मी हितं असंल का, ते तू इचारू नको. पिशवी भरलेली हाय, माय. हे लिहायच्या आधीच भरली.