व्याहीभेटीच्या दिवशीची पोटदुखी

बाबा, काल नातवाबरोबर डॉक्टरांकडे गेले होते. बोलणं त्याच्याबद्दल चाललं होतं आणि मला दिसत होतात तुम्ही. अठ्ठावीस वर्षांचा धडधाकट मुलगा, पण ऑफिसात बसायची जागा बदलली की याचं पोट दुखतं, लग्नात बँड वाजला की ओकाऱ्या होतात. सगळ्या तपासण्या झाल्या, कशात काही नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, हा जन्मापासून स्वमग्न आहे, ऑटिझम म्हणतात त्याला. गर्दी, अचानक झालेला बदल, परक्याचा स्पर्श त्याला आपल्यापेक्षा फार जास्त लागतो. जीव घाबरलाय हे त्याचं त्यालाच कळत नाही, ते पोटात उतरतं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दुखणं खरं असतं हो आजी. सोंग नसतं ते." मी पदर डोळ्यांना लावला. नातवाला वाटलं, त्याच्यासाठीच रडतेय.

अकोल्याच्या त्या जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, तुमच्यासारखी रुई पारखणारा दुसरा नव्हता. चिमूटभर रुई दोन्ही हातांनी ओढून तंतू किती लांब ते तुम्ही डोळे मिटून सांगायचात. यंत्रांचा खडखडाट तुम्हाला चालायचा, रोजचाच तो. पण घरी चार पाहुणे आले की तुम्ही पोट धरून मागच्या खोलीत, घरच्या शेतातल्या कापसाच्या ढिगावर पालथे पडायचात. आई भाकरी थापता थापता ओरडायची, "आता काहून दुखते तुमचं पोट? सकाळी तं चांगले होते!" तुम्ही तिथूनच म्हणायचात, "दुखून राह्यलं वो, खोटं कायले सांगू?" ओवा आणि गरम पाणी मी आणायची. पेला घेताना माझ्या बोटाला तुमचं बोट लागू द्यायचा नाहीत, पण मी उठले की म्हणायचात, "बस नं इथंच." तसं तुमच्याजवळ काही न बोलता बसायला मिळावं म्हणून बाबा, या वयात जीव तुटतो माझा.

साठ साल उजाडायचं होतं तेव्हा माझं लग्न झालं. अमरावतीची मंडळी दाराशी आली आहेत, बँड वाजतो आहे, व्याहीभेट खोळंबली आहे. दोन्ही बापांनी सगळ्यांसमोर एकमेकांना गुलाल लावायचा आणि कडकडून मिठी मारायची, एवढंच करायचं आहे, आणि तुम्ही मागच्या खोलीत. आई मलाच पाठवते, कारण माझं तुम्ही ऐकता. शालू सावरत मी दाराशी उभी राहते. तुमचा सदरा घामानं भिजला आहे. "बाई, आज मले जमत नाई वो. तुह्या काकाले पाठव." काका तर हार घेऊन तयारच होता. मी बरं म्हणायचं होतं, बस. मी म्हणाले, "आजच्या दिवशी तरी सोंग नका करू बाबा. लोकं पाहून राह्यले."

तुम्ही उठलात, टोपी नीट केलीत आणि गेलात. फोटो अजून आहे माझ्याकडे. व्याह्यांच्या गळ्यात पडून तुम्ही हसता आहात, आणि त्यांच्या पाठीवर तुमच्या दोन्ही मुठी घट्ट आवळलेल्या आहेत.

त्यानंतर तुमचं पोट कधी दुखलं नाही. आई म्हणायची, "तुह्या एका बोलन्यानं सुदरले पाह्य." मीही सासरी हे मोठ्या तोऱ्यात सांगायची. दोन वर्षांनी तुम्हाला जिनातून उचलून इस्पितळात नेलं, तेव्हा डॉक्टर चिडून विचारत होते, आतड्याला भोक पडेपर्यंत हे अंगावर का काढलं? आई म्हणाली, "बोललेच नाईत." तुम्ही का बोलला नाहीत ते मला ठाऊक होतं. तुम्ही घरी परत आला नाहीत, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

हे पत्र कपाटात त्या फोटोखाली ठेवून देईन. एक मात्र सांगून टाकते. त्या दिवशी बँड सुरू झाल्यापासून शालूच्या आत माझंही पोट तुमच्यासारखंच दुखत होतं. तुम्हाला कापसात जाऊन पडता आलं आणि नवरीला तसं करता येत नाही, याचाच मला राग आला होता. मला तुमच्या शेजारी येऊन पडायचं होतं, बाबा.