अकरा घरांची हाक

१२ नोव्हेंबर
वृद्धशास्त्राच्या वर्गातल्या सोबत्यांनो, ‘म्हाताऱ्यांचं काय शिकायचं?’ हा टोमणा आपण दोन वर्षं गिळतोय. ही वही तुमच्यासमोर वाचून मी त्याला उत्तर देणार आहे. आज नेकनूरला एसटीतून उतरून वस्तीवर चालत आले. मंजुळाआजींकडे मुक्काम. भाकरी-ठेचा पोटभर. दिवाळी होताच धडधाकट माणसं ऊसतोडीला गेली; अकरा घरांत अकरा म्हातारी माणसं उरलीत. प्रबंधाला याहून चांगली जागा कुठली?

१३ नोव्हेंबर
ओट्यावर ऊन आलं की पहिल्या घरातून बंकटआबा ओरडतात, “हाय का?” शेजारून “हाय!” मग शेजारीण पुढच्या घराला विचारते. शेवटी ओढ्यापलीकडून सुंदरबाई, “हाय, मेले न्हाई अजून!” आबा म्हणतात, “मरू नगंस गं, माझी चुन्याची डबी हाय तुझ्याकडं!” वस्तीभर हसू. ओ आली नाही तर त्या घराकडे सगळ्यांनी धावायचं, असं मंजुळाआजींनी सांगितलं. कुठल्याही कचेरीला हे सुचलं नाही. अंगठेबहाद्दरांनी स्वतः उभं केलं!

१६ नोव्हेंबर
दहा घरी जाऊन आले. ओढा ओलांडायचा कंटाळा आला. सुंदरबाईंची ओ ऐकली आणि त्यांच्या नावापुढे ‘प्रकृती उत्तम’ लिहून टाकलं.

१९ नोव्हेंबर
आज ओढा ओलांडला. दार नुसतं लोटलेलं. सुंदरबाई बाजेवर, अंग थंडगार, मुंग्या लागलेल्या. नेकनूरहून बोलावलेले डॉक्टर म्हणाले, तीन दिवस तरी झालेत.
तीन दिवस! काल त्यांनी ओ दिली होती. आज सकाळीही. मीच टिपलंय. सांजेला सरण पेटलं.

२० नोव्हेंबर
सकाळी ओढ्यापलीकडून – “हाय, मेले न्हाई अजून!”
कुणी हसलं नाही. मंजुळाआजींनी आत जाऊन कडी लावली.

२१ नोव्हेंबर
प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांना फोन केला. भास असेल म्हणाले. उरलेल्या नोंदी फोनवरच उरकायला सांगितल्या. आवाज आला म्हणजे माणूस आहे, म्हणे.

२२ नोव्हेंबर
अकराही आवाज आले. पण आबांच्या चुलीला धूर नव्हता. गेले. आबा थंड पडलेले. मनगट माझ्या हातात होतं – आणि बाहेर ओट्यावरून त्यांचीच हाक आली. “हाय का?”
सगळ्यांनी ओ दिली.

२३ नोव्हेंबर
दारोदार फिरले. सातजणांचे हात गरम. आठवं घर – नाही. तरी तिथूनही ओ येते.
उरल्या मंजुळाआजी. रात्रीपासून खोलीबाहेर आल्या नाहीत. दाराशी विचारते, “हाय” म्हणतात. दर वेळी तोच सूर. तेवढाच लांब.
काल मला “हाय, पोरी” म्हणाल्या होत्या. आज फक्त –

आतली कडी ढिली आहे. ढकललं तर उघडेल. सकाळपासून ढकललं नाही.

सोबत्यांनो, ओ आली म्हणून नोंद करू नका. आजच्या आज आपापल्या यादीतल्या प्रत्येक दारात जा, मनगट धरा. मीही आता दार