इंजिनाला दिलेली वाफ

४ फेब्रुवारी, मंगळवार

फ्रिजजवळच्या कॅलेंडरवर येत्या सोमवारी लाल गोल केलेला दिसला. आत योगिताच्या अक्षरात 'डॉक्टर'. कोणाला जायचं आहे ते लिहिलेलं नाही. म्हणजे मलाच.

सूनबाई मला काही बोलली नाही. बोलत नाही म्हणजे मामला मोठा आहे. परवा माझा चहा बशीत सांडला तेव्हा ती बघत होती. कपाचा कान नव्या पद्धतीचा आहे, बोट नीट शिरत नाही. माझे हात ठणठणीत आहेत.

बमरोलीचा किसन असाच नुसता डॉक्टरला हात दाखवायला गेला होता. आता त्याला मुलगी घास भरवते.

योगिताला सरळ विचारावं का? नको. विचारलं की सांगेल.

५ फेब्रुवारी, बुधवार

रात्री दोनदा उठून कॅलेंडर पाहिलं. पण उपाय सापडला.

आमच्या चेतनचा उजवा हात उत्तरायणापासून, म्हणजे संक्रांतीपासून, प्लास्टरमध्ये आहे. पस्तिशीचा माणूस, गच्चीवर कटलेल्या पतंगामागे धावला. त्याला छोट्या रेल्वेगाड्या बनवायचा नाद आहे. खोक्यातून प्लास्टिकचे तुकडे येतात, ते जोडायचे, रंगवायचे. आत्ताचं इंजिन विजेवरचं, वीतभर लांब. रविवारी अडाजणला त्यांच्या क्लबचं प्रदर्शन आहे. सगळं झालंय, फक्त डिकल राहिलेत. म्हणजे नंबर, नाव, पिवळे पट्टे कागदावर छापून येतात, ते इंजिनावर उतरवायचे. डाव्या हाताने त्याला जमत नाही.

ठराव: डिकल मी लावणार. माझी सगळी नोकरी उधन्याच्या मिलमध्ये, साड्यांच्या छपाई खात्यात गेली. पट्टे सरळ बसले की सोमवारी मला डॉक्टरकडे न्यायची कोणाची हिंमत होणार नाही.

जेवताना विषय काढला. चेतन म्हणाला, "आबा, तुम्ही टीव्ही बघा ना निवांत. शनिवारी संदीप येईल आणि लावेल." संदीप हा क्लबातला मित्र. मी म्हणालो, हे छपाईचं काम आहे. तो म्हणाला, "म्हणून तर भीती वाटते."

मोठ्या माणसाला त्रास नको, एवढाच त्याचा हेतू. मुलावर संस्कार चांगले झालेत.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दोघं कामावर गेल्यावर खोकं उघडलं. डिकलचा कागद उजेडात धरून पाहिला. अक्षरं सुलटी छापलीत.

मिलमध्ये ट्रान्सफर पेपर असायचा. त्यावर सगळं उलटं छापलेलं. कापडावर पालथा घालायचा, गरम दाब द्यायचा, की चित्र सुलटं उमटतं. हा कागद पालथा घातला तर इंजिनाचा नंबर उलटा येणार. कंपनीने चुकीचा माल दिला आणि चेतनला पत्ता नाही. त्याला सांगावं तर खोकं उघडलं हे कळेल.

तरी इस्त्री तापवली. एका कोपऱ्यावर करून बघणार होतो. एवढ्यात चेतनची आई, आमची कलाबाई, मागे येऊन उभी. म्हणाली, "कोठे जानं शे तुमले?" मी इस्त्री लेंग्यावर फिरवली. कुठे जायचं नव्हतं, तरी इस्त्रीचा लेंगा घालून चौकापर्यंत जाऊन यावं लागलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

खोक्यातल्या कागदावर इंग्रजी आहे, पण चित्रंही आहेत. एका चित्रात वाटीभर पाणी. म्हणजे इस्त्रीचं कामच नाही. तुकडा कापायचा, पाण्यात बुडवायचा, छापलेली पापडी सुटली की इंजिनावर सरकवायची. हे मला कालच वाटलं होतं.

जादा नंबर होते, त्यावर प्रॅक्टिस केली. मिठाच्या डब्यावर लावायला गेलो तर नंबर माझ्या अंगठ्यावर जाऊन बसला. दोष पंख्याचा. पंखा चालू असला की माणसाचा हात हलतोच.

अंगठा घासला, नंबर निघेना. तसाच भाजीला गेलो. भाजीवाल्या धुरपदाबाईने पैसे घेताना अंगठा धरून वाचला आणि म्हणाली, "काका, तुम्हाला कुठल्या डेपोत जमा करायचं?" सगळी लाइन हसली. मीही हसलो. पिशवी उचलून सरळ घर गाठलं. जमा करायचं म्हणजे काय? हिला सोमवारचं कोणी सांगितलं?

८ फेब्रुवारी, शनिवार, दुपार

संदीपचा फोन आला. नवसारीला कोणीतरी वारलं, येता येणार नाही. चेतनने फोन ठेवला. मग म्हणाला, नंबराशिवायच ठेवू इंजिन. त्याचा चेहरा बघवला नाही. तो नि योगिता प्रदर्शनाचा हॉल लावायला गेले.

पंखा बंद केला. दोन्ही कोपरं डाळीच्या डब्यांवर टेकवली. श्वास धरला. आधी पिवळा पट्टा, मग नंबर, मग नाव. ब्रशने हळूच ढकललं, मलमलच्या फडक्याने पाणी टिपलं.

एक बाजू पूर्ण. सरळ बसली. पट्टी लावून पाहिलं, खरंच सरळ.

कलाबाईला दाखवलं. तिने पट्ट्याजवळ डोळे नेले. म्हणाली, चेतनना बापच शोभतस आज. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

ठराव: दुसरी बाजू चहानंतर. सोमवार रद्द समजावा.

त्याच दिवशी, संध्याकाळ

चहा पिताना एक भीती शिरली. पाण्याने लागलेलं पाण्याने सुटणारच. उद्या हॉलमध्ये एवढी माणसं, घामाचे हात. कोणी उचललं आणि नंबर त्याच्या हातावर गेला तर?

मिलमध्ये छापलेली साडी तशीच कधी पाठवत नसू. आधी वाफ. वाफ दिली की रंग पक्का, नाहीतर पहिल्याच धुण्यात साडी पांढरी. कागदावर वाफेचं चित्र नव्हतं. लिहायचं विसरले असणार.

इडलीच्या भांड्यात पाणी ठेवलं. वर चाळणी, चाळणीवर इंजिन, वर झाकण. कलाबाईने विचारलं, "काय शिजाडी राह्यनात?" मी म्हणालो, पक्कं करतोय.

झाकण काढलं. नंबर जागच्या जागी होता. पट्टा होता. इंजिन मधोमध खाली बसलं होतं, आणि बाजूलाही वाकलं होतं. काकडी वाकते तसं.

सरळ करायला गेलो. छताचा एक तुकडा हातात आला.

चेतनची स्कूटर वाजली. मी बाथरूममध्ये आहे. वही इथेच आणली आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

  काल संध्याकाळी योगिता दाराबाहेरून म्हणाली, "आबा, आधी बाहेर या, दुसऱ्यांनाही आंघोळ आहे."

चेतनने छत चिकटवलं आणि मलाही हॉलमध्ये नेलं. टेबलावर रुळांचं मोठं वळण होतं. वाकलेलं इंजिन त्याने बरोबर त्या वळणावर ठेवलं, डिकलची बाजू लोकांकडे. एका बाईने विचारलं, हे वाकडं का? चेतन म्हणाला, वडिलांनी वाफ दिली. क्लबवाले पोट धरून हसले. मग चष्मेवाल्या एका गृहस्थाने वाकून पट्टा पाहिला आणि डिकल कोणी लावले ते विचारलं. चेतन म्हणाला, "तेही त्यांनीच."

मी खांबामागे होतो. पुढे जाणार होतो, पण उद्या सोमवार आहे हे आठवलं आणि हात खिशात घालून तिथेच राहिलो.

१० फेब्रुवारी, सोमवार

देवाला नमस्कार केला. कलाबाईला कपाटाची किल्ली दिली. ती म्हणाली, काय करू मी हिचं?

दवाखान्यात आमचं आडनाव पुकारलं. मी उठलो, आत गेलो, डॉक्टरांसमोर दोन्ही हात पुढे धरले. सांगितलं, जे आहे ते सांगा, फक्त मुलीने घास भरवायची वेळ आणू नका. मला मुलगी नाही हे नंतर लक्षात आलं.

मागून चेतन आला. वेळ त्याची होती, प्लास्टर कापायचं होतं.

डॉक्टर हसले. मग हसायचे थांबले. माझे हात तसेच पुढे होते. त्यांनी बघितलं, किती दिवसांपासून असं होतंय ते विचारलं. मी पंख्याचं सांगितलं. त्यांनी वर पाहिलं. तिथे पंखा नव्हता.

म्हणाले, घाबरण्यासारखं काही दिसत नाही, पण गुरुवारी सकाळी नीट तपासू.

घरी येऊन योगिताने लाल पेन माझ्या हातात दिलं. कॅलेंडरवर गुरुवारी गोल मीच केला. अंड्यासारखा आला, एका बाजूने बुधवारात गेला.

पेन खराब आहे.