अंथुर्ण्याच्या दुकानातला गाळ आणि टिपणातला एक शब्द

प्रति,
मा. कक्ष प्रमुख,
आपद्ग्रस्त लघुव्यवसाय साहाय्य कक्ष, विभाग तीन

अर्जदार : रेश्मा गोकुळ बंडगर, वय ३९, धंदा मोटार रिवाइंडिंग, रा. अंथुर्णे, ता. इंदापूर, जि. पुणे

विषय : पुरात बाधित झालेल्या आमच्या दुकानातील गाळ काढत असल्याबाबत, तसेच तपासणी टिपणातील ‘विनाकारण’ हा शब्द वगळणेबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज दि. ५ जून २०२५
२) आपले पत्र दि. १४ जून २०२५
३) आपल्या निरीक्षकांचे तपासणी टिपण दि. २२ ऑगस्ट २०२५

महोदय,

याआधी मी आपणास चार अर्ज केले. ते मदतीसाठी होते. हा पाचवा अर्ज मदतीसाठी नाही हे सुरुवातीलाच नमूद करते, म्हणजे तो चुकून त्याच गठ्ठ्यात जाणार नाही.

१. आमचे ‘दादासो मोटार रिवाइंडिंग’ हे दुकान गावच्या ओढ्यालगत एकोणीस वर्षे चालू आहे. माझे सासरे कै. दादासो यांनी शेवटची मेंढरे विकून ते उभे केले. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या, बोअरच्या मोटारी जळाल्या की आमच्याकडे येतात. माझे पती गोकुळ मोटार खोलतात व जोडतात. तारेचे वेढे मी भरते. मोटारीच्या खाचांत तारेखाली कागद बसवावा लागतो, तो मापाने कापण्याचे काम सासूबाई बनाबाई करतात. त्यांना अक्षर येत नाही, परंतु कोणती मोटार कोणाची हे त्या नुसत्या रंगावरून व पोच्यांवरून सांगतात. दुकानात चौथा माणूस नाही.

२. दि. २६ मे रोजी सकाळी साडेनऊच्या सुमारास ओढ्याला पाणी आले. अर्ध्या तासात ते दुकानात छातीइतके झाले. वेढे भरायचे यंत्र, वार्निश सुकवायची भट्टी, तपासणीचे पॅनेल, तांब्याची तार आणि दुरुस्तीस आलेल्या एकेचाळीस मोटारी पाण्याखाली गेल्या. सासूबाईंना पतींनी पाठीवर घेऊन शाळेच्या जिन्यापर्यंत नेले. पाणी दुपारी उतरले. गाळ मात्र मांडीएवढा राहिला.

३. दुसऱ्या दिवशी सरपंच बापूसाहेब आमच्याकडे आले. गावाला पिण्याचे पाणी देणारी मोटारही बुडून जळाली होती. ते म्हणाले, “गोकुळ, तुझं दुकान गेलंय, दिसतंय मला. पर गावात प्यायला पाणी न्हाय. आदी ही एवढी करून दे.” आम्ही फक्त दुकानाची पुढची पडवी खरवडली, हाताने फिरवायचे जुने यंत्र बाहेर काढले आणि बिरोबाच्या सभामंडपात बसलो. पतींनी बारामतीहून मोटारसायकलवर तार आणली. सासूबाईंनी कागद कापला. मी वेढे भरले. चौथ्या दिवशी गावाच्या टाकीत पाणी पडले. त्याची मजुरी आम्ही घेतली नाही. गावाने आम्हाला पाच दिवस दोन्ही वेळचे जेवण दिले. पुरानंतर आम्हाला मिळालेली मदत ती एवढीच, आणि ती पुरेशी होती.

४. दि. ३१ मे रोजी आपले निरीक्षक आले. मी सभामंडपात दुसरी मोटार भरत होते. त्यांनी दुकानाच्या दारातून आत पाहिले, मग मंडपात येऊन माझ्याकडे पाहिले. म्हणाले, “काम तर चालू आहे की तुमचं.” मी सांगितले, साहेब, हे देऊळ आहे. त्यांनी लिहिले : ‘व्यवसाय सुरू असल्याचे आढळून आले.’ एकेचाळीस मोटारींबद्दल लिहिले : ‘अर्जदाराच्या मालकीच्या नाहीत, सबब नुकसान नाही.’ ज्या शेतकऱ्यांच्या मोटारी होत्या, ते आपापले अर्ज घेऊन गेले, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की मोटार शेतात नव्हती, दुकानात होती, सबब शेतीचे नुकसान नाही. म्हणजे सदर एकेचाळीस मोटारी आजमितीस कोणाच्याच नाहीत. त्या आमच्या दुकानात गाळात आहेत आणि त्यांचे नुकसान झालेले नाही.

५. मी संदर्भ क्र. १ अन्वये फेरतपासणी मागितली. आपण संदर्भ क्र. २ अन्वये कळवले की फेरतपासणी होईपर्यंत जागा मूळ स्थितीत ठेवावी, एकही वस्तू हलवू नये, अन्यथा दावा ग्राह्य धरला जाणार नाही. महोदय, आम्ही ते तंतोतंत पाळले. आमची चूक झाली असेल तर ही एकच.

तपासणीची तारीख प्रथम २७ जून दिली, नंतर १८ जुलै, नंतर ८ ऑगस्ट. तिन्ही दिवशी आम्ही तिघे सकाळपासून दारात बसून राहिलो. कोणी आले नाही. गाळ आधी ओला होता, मग त्याला वास सुटला, मग तो वाळून भेगाळला. मागची भिंत मातीत बांधलेली आहे. तिने खालून पाणी धरले होते, पोपडे पडत होते. पतींनी तिला आतून दोन वासे लावायचे म्हटले. मी त्यांना अडवले. आपले पत्र माझ्या हातात होते. वासा लावला तर मूळ स्थिती राहील काय, हे विचारायला मी आपल्या कार्यालयात दि. ११ ऑगस्ट रोजी आले होते. खिडकीवर सांगण्यात आले की लेखी विचारा. मी लेखी विचारले. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.

शेतकरी मोटार मागायला येत होते. मी त्यांना आपले पत्र दाखवत होते. काही जण निमूट गेले, काहींनी नवीन मोटारी घेतल्या आणि आता ते आमच्याकडे येत नाहीत. एकाने विचारले, “वैनी, आमची मोटार सरकारची कदी झाली?” मी त्यांना पुन्हा आपले पत्र दाखवले.

६. दि. १९ ऑगस्ट रोजी वस्तीवरचे सर्जेराव आबा आले. पावसाने ओढ दिली होती, त्यांच्या विहिरीत पाणी होते आणि ऊस वाळत होता. ते रागावले नाहीत. दारात उभे राहून एवढेच म्हणाले, “नेत न्हाय मी. हाय का तेवढं दावा. माणसाला बरं वाटतं.” मी आणि पती अजून मंडपातच काम करत होतो. दुकानाच्या पडवीत सासूबाई होत्या. त्या म्हणाल्या, “थांबा आबा, निळी हाय तुमची, मागल्या अंगाला हाय.” आणि गाळावर पाय देत आत गेल्या. त्यांनी वाकून एका मोटारीवरची माती हाताने पुसली. आबांच्या सांगण्यानुसार तिचा निळा रंग दिसला होता. त्याच वेळी मागची भिंत आत पडली.

आबांनी हाक मारली. आम्ही धावलो. आधी विटा आणि माती हाताने उपसली. सासूबाई शुद्धीवर होत्या. उजवा हात कोपरापासून चिरडला होता. बारामतीच्या दवाखान्यात दोन शस्त्रक्रिया झाल्या. हात राहिला आहे, परंतु बोटे मिटत नाहीत. कात्री धरता येत नाही. मी वासे लावू दिले असते तर ती भिंत पडली नसती. ही गोष्ट पतींनी मला आजवर एकदाही बोलून दाखवलेली नाही. ते बोलले असते तर बरे झाले असते.

७. तीन तारखा देऊन जे निरीक्षक आले नव्हते, ते या वेळी तिसऱ्या दिवशी आले, कारण माणूस जखमी झाल्याची बातमी वर गेली होती. त्यांचे टिपण संदर्भ क्र. ३ वर आहे. त्यात दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की, ‘मागील भिंत पडल्याने जागा मूळ स्थितीत नाही, सबब फेरतपासणी करता येत नाही.’ दुसरी अशी की, ‘सदर वृद्ध महिलेचा व्यवसायाशी संबंध नसून ती बाधित जागेत विनाकारण वावरत असल्याने इजा झाली.’ शेवटी ‘अंतिम निर्णय होईपर्यंत जागा आहे तशी ठेवावी’ असेही आहे.

पहिल्या गोष्टीबद्दल मला काही म्हणायचे नाही. दुकान, यंत्र, भट्टी, तार यांबद्दलही नाही. माझे आधीचे चारही अर्ज मी या अर्जाद्वारे मागे घेत आहे. ते निकाली काढावेत.

८. गुरुवार दि. ९ ऑक्टोबर रोजी सकाळी आठ वाजता आम्ही गाळ काढणार आहोत. आपली परवानगी मागण्यासाठी मी हा अर्ज लिहायला घेतला होता. लिहिता लिहिता माझे मत बदलले आहे. ही माहिती आहे, विनंती नव्हे. बापूसाहेबांनी ट्रॅक्टर देऊ केला आहे. ज्यांच्या मोटारी आत आहेत त्यांपैकी सव्वीस जण फावडे, पाट्या घेऊन येतो म्हणाले आहेत, ज्यांनी नवीन मोटारी घेतल्या त्यांतलेही सात आहेत. सर्जेराव आबा भिंतीसाठी विटा आणणार आहेत. मी त्यांना नको म्हटले, तर म्हणाले, “माझ्यापायी गेली म्हातारी आत. तुमी मधी बोलू नगा.” आबांची यात काडीचीही चूक नाही, हे मी त्यांना सांगितले आहे. ज्यांची आहे त्यांच्यापैकी कोणी आजवर असे म्हणालेले नाही.

९. विनंती एकच आहे व ती दुसऱ्या गोष्टीबाबत आहे. माझ्या सासूबाई त्या जागेत एकोणीस वर्षे रोज जात होत्या. ज्या मोटारीने गावाच्या टाकीत पाणी पडते, त्या मोटारीतला कागद त्यांनी कापलेला आहे. त्या दिवशी त्या गिऱ्हाइकाला त्याची मोटार दाखवायला गेल्या होत्या. दुकानात याला काम म्हणतात. सबब टिपणातील ‘व्यवसायाशी संबंध नसून’ आणि ‘विनाकारण वावरत असल्याने’ हे शब्द खोडावेत, त्याऐवजी ‘कामावर असताना’ असे लिहावे व दुरुस्त प्रत मला द्यावी. यासाठी शासनाला कोणताही खर्च येणार नाही. यावर कोणताही दावा आम्ही लावणार नाही, तसे हमीपत्र सोबत जोडले आहे.

ही प्रत लवकर मिळावी. सासूबाईंना माहीत आहे की साहेब येऊन त्यांच्याबद्दल काहीतरी लिहून गेले. दवाखान्यातून आल्यापासून त्या रोज विचारतात, “काय लिवलंय गं माझं? वाच की.” कागद माझ्या ट्रंकेत आहे. मी त्यांना सांगते, अजून आला नाही.

पोच देण्यात यावी.

अर्जदार,
(सही)
रेश्मा गोकुळ बंडगर
अंथुर्णे, दि. ६ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१) तपासणी टिपणाची छायाप्रत
२) दवाखान्याचे कागद
३) सर्जेराव यांचा जबाब, अंगठ्यासह
४) दावा न करण्याचे हमीपत्र