माझा पायगुण

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकशील, म्हणून आधीच सांगतो, घरी सगळे ठणठणीत आहेत. तू रोज आईशी फोनवर बोलतेस तेव्हा मी शेजारी बसून पेपर वाचल्याचं सोंग करतो, हे तुलाही ठाऊक आहे. तीन वर्षं झाली, माझ्या वाट्याला ‘बरी आहे, ठेवते’ याच्यापुढे काही आलेलं नाही. फोनवर मला हे सांगणं जमणार नाही, म्हणून हा कागद.

आपला लाडका गोलकीपर शिडी गेला, हे कळलंच असेल. मंगळवारी सकाळी मी दुकानाचं शटर वर करतोय, तोच समोरचा बेकरीवाला पिठाच्या हातांनी धावत आला आणि रेडिओ लाव म्हणाला. तासाभरात आपल्या चष्म्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही, आणि चष्मा एकालाही नको होता! पोस्टमन नजर तपासायच्या खुर्चीत बसून ढसाढसा रडला. मग शिडीने अंतिम सामन्यात तो चेंडू कसा अडवला, हे दाखवायला त्याने अशी काही उडी मारली की फ्रेमांचं अख्खं कपाट खाली. आम्ही सगळे गुडघ्यांवर बसून फ्रेमा गोळा करत होतो आणि पोट धरधरून हसत होतो. ज्या गोलकीपरला आयुष्यात कधी भेटलो नाही, तो गेला तर मला थोरला भाऊ गेल्यासारखं वाटलं बघ.

त्याचं वेड तुला माझ्यामुळेच लागलं. सात वर्षांची असताना माझे लोकरीचे हातमोजे घालून तू बैठकीच्या दारात उभी राहायचीस आणि मी गुंडाळलेल्या पायमोज्यांचा चेंडू मारायचो. आईची फुलदाणी त्यातच गेली. आणि टीव्हीवर पेनल्टी आली की मी न्हाणीघरात पळायचो. का, तर एकदा मी आत असताना शिडीने पेनल्टी अडवली होती. झालं! तेव्हापासून त्याने अडवलेल्या झाडून सगळ्या पेनल्ट्या मी दाराआडून, तुम्हा दोघींच्या किंचाळ्यांवरून ओळखल्या. तू मला वेड्यात काढायचीस, पण आत ढकलायलाही तूच पुढे असायचीस.

पुढे तूच गोलकीपर झालीस. तुझे पहिले तीन सामने मी पाहिले आणि तिन्ही तुम्ही हरलात, तिसरा तर पाच गोलांनी. त्यानंतर मी मैदानाकडे फिरकलो नाही. तीन वर्षांपूर्वी तुमच्या अंतिम सामन्यालाही आईशेजारची खुर्ची रिकामीच राहिली. महत्त्वाचं गिऱ्हाईक आलं होतं, असं मी सांगितलं. बाबांना मुलीपेक्षा दुकान मोठं, एवढंच तू आईला म्हणालीस, आणि विषय मिटवलास.

गिऱ्हाईक वगैरे कुणी नव्हतं गं. दुकान बंद होतं. मी मैदानाच्या भिंतीबाहेर, सायकलस्टँडजवळ मैदानाकडे पाठ करून उभा होतो. माझाच पायगुण वाईट, मी आत आलो की तू हरतेस, हे डोक्यात पक्कं बसलं होतं. तू जिंकलीस तेव्हा तिथल्या राखणदाराला मी मिठी मारली. हे तुला सांगायची लाज वाटली, आणि खोटं बोलणं सोपं गेलं. काल रेडिओवर शिडीचे वडील बोलले. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. म्हणाले, मी त्याचा एकही सामना चुकवला नाही, त्याने खाल्लेला प्रत्येक गोल मी पाहिलाय, आणि हरला की तो आधी माझ्याकडेच यायचा. ते ऐकलं आणि मी दुकानात एकटाच रडलो. शिडीसाठी नाही. तू हरून कितीदा प्रेक्षकांकडे बघितलं असशील, या विचाराने. रविवारी तुझा सामना आहे, असं आई सांगत होती. मी येऊ का? गोल खाल्लास तर खा. दहा खा. मी जागचा हलणार नाही.

तुझाच,
बाबा