पाठमोरा जावई

सेंट पॉल,
२० ऑगस्ट १८६२

ती. बाबांस सिग्रीचा शि. सा. न.

मी आत्याकडे सुखरूप पोचले. बाळंतपणाला अजून अवकाश आहे. पण इथल्या मूळच्या डाकोटा लोकांनी गोऱ्यांविरुद्ध केलेल्या बंडाच्या बातम्यांनी जिवाला थारा नाही. ह्यांना शेतावर एकटं सोडून आले. जन्मानं डाकोटा, बायको गोरी; गोऱ्यांना ते डाकोटांचे वाटतात आणि डाकोटांना गोऱ्यांचे. हेपान तुमच्या किल्ल्यात आलेच तर सांभाळून घ्या.

तुमचं एकच गाऱ्हाणं, जावई शिष्ट, तोंड फिरवतो. बाबा, शंभरदा सांगितलं, सासऱ्याच्या तोंडाकडे बघणं, त्याच्याशी थेट बोलणं हा डाकोटांच्यात अपमान. ते पाठ फिरवतात ती आदरानं. मास्तर असून एवढा धडा पुन्हापुन्हा शिकवावा लागतो?

माया माझ्यावर आहेच, थोडी त्यांच्यावरही करा.
तुमची सिग्री

*

किल्ला,
१२ सप्टेंबर

चि. सौ. सिग्रीस अ. उ. आ.

तुझं पत्र शेवटच्या टपालानं आलं; मग डाकोटांनी वेढा घातला, वाट बंद झाली. हे पत्र वाट उघडली की धाडीन. पिठाची पिंपं रचून आम्ही आडोसा केलाय. ज्या नदीच्या कविता मी मुलांकडून घोकून घेतल्या, तिचं बादलीभर पाणी आणायला आता माणसं जिवावर उदार होऊन जातात. डाकोटांना तरी काय म्हणू? कबूल केलेलं धान्य सरकारनं अडवलं, त्यांची लेकरं उपाशी ठेवली.

काल हेपान आला. तुमच्या शेजारच्या कारीला आणि तिच्या पोरांना गवताच्या गाडीत लपवून घेऊन आला. शिपायांनी त्यालाच हेर म्हणून धरलं. कारीनं आकांत केला, तर कप्तान म्हणाला, हिला धाक घातला असेल. मी म्हणालो, माझा जावई आहे. मग तुमच्या डोळ्यांत बघून सासरेबुवा म्हणू दे, लगेच सोडतो, असं कप्तानाचं म्हणणं. हेपाननं मान फिरवली. शिपाई हसले, म्हणाले, बघा, चोराच्या मनात चांदणं.

मीही घाबरून ओरडलो, की गाढवा, एकदा बघ, जगलास तर रीत पाळशील! त्यानं पाठच फिरवली. बंदुका रोखल्या गेल्या.

मग मी गळ्यातला रुमाल डोळ्यांवर बांधला. म्हटलं, आता तरी बोलेल. चाचपडत निघालो तो नेमका बंदुकांच्या तोंडी. कुणीतरी दंड धरून मला मागे ओढलं आणि स्वतः पुढे झालं. हेपानच. माझ्याशी अवाक्षर नाही. कप्तानाला म्हणाला, म्हाताऱ्याला आधी बाजूला घ्या, मग काय ते करा.

बंदुका खाली आल्या. सुटका नाही, फौज आल्यावर ठरेल म्हणे. शिपायांचा भरवसा वाटत नाही, म्हणून कोठडीच्या दाराशी मीच बसतो. त्याच्याकडे पाठ करून.

दोघांवरही माया असलेला,
बाबा